तीस टक्के पाय म्हणजे किती रुपये?

दोन माणसं घ्या. दोघांचं वय ३२, दोघांची कमाई महिना १८ हजार. दोघांचा उजवा पाय रस्त्यावरच्या अपघातात सारखाच मोडलेला: मांडीच्या हाडात रॉड, गुडघा पुरता वाकत नाही. शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्रही दोघांचं सारखंच, उजव्या पायाचं कायमचं अपंगत्व ३० टक्के. एक गवंडी आहे, परांचीवर उभं राहून प्लॅस्टर करणारा. दुसरा पतसंस्थेत कॅशियर. दोघांना सारखी भरपाई मिळायला हवी का? मुळीच नाही. तरी गवंड्याच्या हातात कॅशियरइतकीच रक्कम पडल्याचं पुष्कळदा दिसतं, कारण त्याच्या दाव्याच्या कागदांत ‘परांची’ हा शब्द कुठेच आलेला नसतो.

मोटार अपघाताच्या दाव्याबद्दल लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती मिळतील?’ हा. त्याचं उत्तर या टक्क्यात आहे, पण डॉक्टरांनी लिहिलेल्या टक्क्यात नाही. सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात २०१० साली हे नीट उलगडून सांगितलं. शरीराचं अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळपास शंभर टक्के कमाई गमावू शकतो. तोच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून न्यायाधीशानं पायऱ्यांनी जायचं: माणूस आधी काय काम करत होता, आता त्यातलं काय करू शकतो, आणि दुसरं काही काम करून पोट भरू शकतो का.

आता गवंड्याचा हिशोब. महिना १८ हजार म्हणजे वर्षाला २,१६,०००. वय चाळिशीच्या आत आणि काम स्वतःचं, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के जोडायचे: ३,०२,४००. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक, म्हणजे वर्षाची हानी जितकी पट करायची तो आकडा, १६. आता टक्का कोणता धरायचा? प्रमाणपत्रावरचे ३० टक्के हे पायाचे आहेत, सगळ्या शरीराचे नाहीत. त्यामुळे न्यायाधिकरण (अपघाताचे दावे ऐकणारं कोर्ट) बरेचदा ते निम्म्यावर आणतं. १५ टक्के धरले तर वर्षाची हानी ४५,३६० आणि त्याला १६ ने गुणलं की ७,२५,७६०. पण हा माणूस आता शिडी चढू शकत नाही, उकिडवा बसू शकत नाही, घमेलं उचलून चालू शकत नाही, हे पुराव्यानं समोर आलं आणि कमाईची हानी ५० टक्के मानली गेली, तर वर्षाचे १,५१,२०० आणि एकूण २४,१९,२००. तोच पाय, तेच प्रमाणपत्र, आणि फरक सतरा लाखांच्या घरात. कॅशियरची नोकरी आणि पगार चालूच असेल तर या खात्यात त्याला फार काही मिळणार नाही. वेदना, जगण्यातल्या सुखाला आलेली मर्यादा, रजा आणि दवाखान्याचा खर्च या खात्यांतून त्याचा दावा उभा राहतो.

हे वाढीचे टक्के आणि गुणक कुणाच्या मर्जीचे नसतात. गुणकाचा तक्ता सरला वर्मा निकालातून (२००९) आला. वय १५ ते २५ ला १८, मग २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३. पुढे उतार जोरात आहे: ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यापुढे ५. भविष्यातल्या वाढीचे टक्के प्रणय सेठी निकालानं (२०१७) ठरवून दिले. कायम नोकरी असेल तर चाळिशीच्या आत ५०, चाळीस ते पन्नास ३०, पन्नास ते साठ १५. स्वतःचा धंदा किंवा ठराविक पगार असेल तर हेच आकडे ४०, २५ आणि १०.

ही भविष्यातली वाढ फक्त मृत्यूच्या दाव्यात मिळते, असं विमा कंपनीचे वकील अजूनही सांगून पाहतात. ते चूक आहे. कायमचं अपंगत्व आलेल्या जखमीलाही ती मिळते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पप्पू देव यादव यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. आणि जखमी माणूस जिवंत असल्यानं त्याच्या कमाईतून ‘वैयक्तिक खर्चाची’ वजावट करायची नसते. दाव्याचा मसुदा वाचताना या दोन जागा आधी तपासा.

मृत्यूच्या दाव्यात वजावट होते. विवाहित माणसामागे दोन-तीन अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, सहापेक्षा जास्त असतील तर एक पंचमांश. अविवाहित असेल तर साधारण निम्मं. समजा ३८ वर्षांचा माणूस, कायम नोकरी, कर वजा जाता पगार ३० हजार, मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वर्षाचे ३,६०,०००, त्यात ५० टक्के वाढ धरून ५,४०,०००. चौथा हिस्सा वजा केला की ४,०५,०००. गुणक १५. झाले ६०,७५,०००. अंत्यसंस्कार आणि मालमत्तेच्या हानीपोटी प्रत्येकी १५ हजार आणि सहवासाच्या हानीपोटी ४० हजार हे आकडे २०१७ चे आहेत. ते दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवायचे असतात, आणि मसुद्यात हटकून जुनेच राहतात. सहवासाची रक्कम पत्नीपुरती नाही, मुलं आणि आईवडीलही ती मागू शकतात. गृहिणीचा मृत्यू झाला तर ‘कमाई नव्हती’ असं म्हणून चालत नाही, तिच्या घरकामाचं मोल धरूनच हिशोब करावा लागतो.

आता कागदांकडे. दावा कोर्टात उभा राहतो एक-दोन वर्षांनी, पण त्याचं बरंवाईट पहिल्या आठवड्यात ठरून जातं.

सगळ्यात मोठा घोळ दवाखान्याच्या केसपेपरवर होतो. जखमीला घेऊन आलेला शेजारी घाईत सांगतो, ‘गाडीवरून पडला.’ कधी पोलिसांचं लफडं नको म्हणून, कधी मेडिक्लेम लवकर पास व्हावा म्हणून कुणीतरी मुद्दामच ‘घसरून पडला’ असं लिहून घेतं. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील दवाखान्याचे इनडोअर पेपर मागवतो आणि उलटतपासात तेवढी एक ओळ वाचून दाखवतो. दुसऱ्या गाडीनं धडक दिलीच नाही, मागाहून गाडी ‘लावली’, हा बचाव तिथूनच सुरू होतो. म्हणून दाखल करतानाच्या पहिल्या नोंदीत दुसऱ्या वाहनाचा प्रकार, रंग, जमलं तर नंबर आणि ‘धडक’ हा शब्द आला पाहिजे. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून नवी नोंद करून घ्यावी. जुनी नोंद खोडायला लावू नये, खाडाखोड जास्त महाग पडते.

दवाखाना ‘एमएलसी’ (पोलिसांशी संबंधित केस अशी नोंद) करून पोलिसांना कळवतो. तरी कुणीतरी स्वतः पोलीस ठाण्यात जावं. १ जुलै २०२४ पासून फिर्यादीतली कलमं भारतीय न्याय संहितेची असतात: बेदरकार वाहन चालवण्यासाठी २८१, दुखापतीसाठी १२५, मृत्यू झाला तर १०६. फिर्यादीला उशीर झाला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, जखमीला वाचवायची धावपळ आधी हे न्यायालयांना कळतं. पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहिलेलं असावं.

घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल हातात आली की आधी कच्चा नकाशा पाहा. रस्त्याची रुंदी, दुभाजक आहे की नाही, काच कुठे सांडली, टायरच्या खुणा किती फूट आणि कोणत्या बाजूला, गाड्या कोणत्या तोंडानं पडल्या होत्या. चूक कुणाची हे न्यायाधीश बहुतेक वेळा या एका पानावरून ठरवतो. मोटारसायकलस्वार जागीच गेला आणि दुसरी बाजू बोलायला जिवंत असली की पोलीस कधीकधी मयताविरुद्धच गुन्हा नोंदवतात. घरचे दुःखात असतात, कुणी वाचतही नाही. अशा वेळी प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा जबाब लवकर नोंदवून घेणं आणि जवळच्या पेट्रोल पंपाचं, ढाब्याचं, टोलनाक्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यासाठी पोलिसांना लेखी अर्ज देणं हाच मार्ग. हे चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, महिनाभर थांबलात तर मिळायचं नाही.

फौजदारी खटल्यात ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी तुमचा दावा संपत नाही. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो, इथे कोणती शक्यता जास्त पटते एवढंच पाहायचं असतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: दोघांची थोडीथोडी चूक असेल तर तुमच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कापली जाते. मोटारसायकलवर तिघं बसले होते, एवढ्यावरून मात्र कापता येत नाही. तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा जखम वाढली, हे समोरच्यानं दाखवावं लागतं. आणि दोन वाहनांच्या धडकेत तुम्ही नुसतेच प्रवासी असाल, तर दोन्ही ड्रायव्हरांतलं वाटप तुमची डोकेदुखी नाही, कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते.

कागदांची यादी वकील देईलच, पण यादीत न येणाऱ्या गोष्टी जास्त उपयोगाच्या. औषधाच्या प्रत्येक बिलामागे त्याच तारखेची चिठ्ठी लावा. चिठ्ठीविना बिल म्हणजे अर्धा पुरावा. मूळ बिलं मेडिक्लेमला दिली असतील तर त्यांच्याकडून शिक्क्यानिशी प्रती घ्या. एक्सरेच्या प्लेटा फेकू नका, ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची दोन्ही लागतात. दवाखान्याला ये-जा करायच्या रिक्षा-गाडीच्या पावत्या, घरी ठेवलेल्या मदतनिसाला दिलेले पैसे शक्यतो बँकेतून. रॉड किंवा प्लेट पुढे काढायची असेल तर त्या ऑपरेशनच्या खर्चाचं अंदाजपत्रक डॉक्टरांच्या सहीनं घ्या. भविष्यातल्या उपचाराचं खातं वेगळं असतं आणि ते नुसत्या तोंडी सांगण्यावर भरत नाही.

कमाईचा पुरावा हे दुसरं दुखणं. पगारदाराला सोपं: पगारपत्रक, फॉर्म १६, आणि ते सिद्ध करायला कंपनीतला माणूस साक्षीला. धंदेवाल्याची आयकर विवरणपत्रं अपघाताच्या आधी भरलेली हवीत, नंतर भरलेल्या विवरणपत्राकडे कोर्ट संशयानं पाहतं. शेतकऱ्यांची इथे फार अडचण होते. सातबारा जोडला की झालं असं वाटतं, पण सातबारा जमीन दाखवतो, कमाई नाही. शिवाय विमा कंपनी म्हणते, जमीन कुठे गेली, ती तर घरातच आहे. तेव्हा बाजार समितीतल्या आडत्याच्या पट्ट्या, साखर कारखान्याची ऊसबिलं, दूध डेअरीचं पंधरवड्याचं पुस्तक, आणि अपघातानंतर जमीन बटाईनं द्यावी लागली किंवा गडी ठेवावा लागला असेल तर त्याचा कागद हे सगळं लागतं. नुकसान जमिनीचं नाही, ती कसणाऱ्या हाताचं आहे, हे त्यातून दिसतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरून देतं. गवंड्यानं मुकादमाला साक्षीला आणलं, रोजंदारीची वही आणि फोनपेवर आलेले पैसे दाखवले, तर आकडा वर जातो.

आता मुदत, आणि इथे बरेच जण फसतात. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा दावा (चूक दाखवून मागायची भरपाई) अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. त्याआधी अनेक वर्षं मुदतच नव्हती, म्हणून ‘कधीही टाकता येतो’ हा जुना सल्ला अजून गावोगाव फिरतो. या सहा महिन्यांच्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नये. अडचण अशी की मोडलेला पाय सहा महिन्यांत पुरता जुळलेलाही नसतो, आणि उपचार संपल्याशिवाय कायमच्या अपंगत्वाचा टक्का ठरवता येत नाही. मार्ग सोपा आहे: दावा आधी दाखल करा, प्रमाणपत्र मागाहून जोडा. मागितल्यापेक्षा जास्त रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकतं, त्यामुळे सुरुवातीचा आकडा कमी पडला म्हणून सगळं गेलं असं होत नाही.

दावा कुठे टाकायचा याची निवड तुमची. अपघात जिथे झाला तो जिल्हा, तुम्ही राहता किंवा धंदा करता तो, किंवा समोरचा राहतो तो. मुंबई-पुणे महामार्गावर जखमी झालेल्या लातूरच्या माणसाला लातूरलाच दावा टाकता येतो. तारखेला जायचा खर्च आणि डॉक्टरांना साक्षीला आणायची सोय पाहून ठरवावं.

पोलिसांवरही आता जबाबदारी आहे. ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जायला हवा, आणि तो अहवालच दावा अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर सुंदर व्यवस्था आहे. अहवाल गेला की नाही हे मात्र तपास अंमलदाराला विचारत राहावं लागतं, आणि स्वतःचा अर्ज टाकणं हेच शहाणपणाचं.

दाव्यात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी हे तिघंही सामनेवाले करा. गाडीचा नंबर मिळाला की परिवहन खात्याच्या एमपरिवहन ॲपवर विम्याची माहिती दिसते. अपघाताच्या तारखेला पॉलिसी चालू होती का, ते आधी पाहा, कारण पॉलिसी आदल्या मध्यरात्री संपलेली असू शकते. गाडी विकलेली पण आरटीओत नाव बदललेलं नाही, ही आपल्याकडची नेहमीची गत. तेव्हा नोंदणीत ज्याचं नाव आहे तो मालक जबाबदार राहतो, पण नव्या ताबेदारालाही पक्षकार करून ठेवावं. एसटीच्या बाबतीत महामंडळच पक्षकार असतं. बस भाडेतत्त्वावरची असेल तर तिचा मालक आणि विमा वेगळा निघतो, हे दाव्याआधी शोधा.

ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं म्हणून विमा कंपनी हात वर करते. रस्त्यावरच्या तिऱ्हाईत जखमीच्या बाबतीत न्यायालयं बहुधा कंपनीला आधी पैसे भरायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन चालवत असेल, तर निव्वळ त्या कारणानं कंपनीला सुटता येत नाही, हे घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

पण एका जागी खरोखर भिंत आहे. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोत, जत्रेला निघालेली माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत: मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाचा धोका विमा कंपनीनं घेतलेला नसतो. मालासोबत बसलेला मालाचा मालक चालतो, नवरदेवाचा मामा नाही. निवाडा झाला तरी तो टेम्पोमालकाविरुद्ध होतो, आणि टेम्पोमालकाकडे बरेचदा टेम्पोशिवाय काही नसतं. खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर त्याच गाडीत बसलेल्याला किंवा मोटारसायकलवर मागे बसलेल्यालाही हीच अडचण येते. फुल इन्शुरन्स असेल तर येत नाही. वर्षाला चार पैसे वाचवायला थर्ड पार्टीवर भागवणाऱ्यांनी मागच्या सीटवर कोण बसतं याचा एकदा विचार करावा.

गाडी चालवणाऱ्याची स्वतःचीच चूक असेल तर कलम १६६ त्याच्या कामाचं नाही. मालक स्वतः चालवत असेल, लायसन्स चालू असेल, तर पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच पाहा. पगारी ड्रायव्हर असेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा उपयोगी पडतो (आधी १९२३ चा, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०). तिथे चूक कुणाची हा प्रश्न सहसा आड येत नाही, पण हिशोबासाठी धरायच्या महिन्याच्या पगाराला कमाल मर्यादा असते. दोन्ही कायद्यांखाली हक्क असेल तर एकच निवडावा लागतो. एकदा चुकीचा दरवाजा ठोठावला की परत फिरणं अवघड.

आणखी एक दरवाजा आहे कलम १६४ चा: चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. लवकर मिळतं म्हणून आकर्षक वाटतं. कंपनीचा अधिकारी तडजोडीच्या प्रस्तावातून ही रक्कम देऊ करतो, आणि ती स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. वरच्या गवंड्यानं अडीच लाखांवर सही केली तर त्याचा चोवीस लाखांचा हिशोब तिथेच मिटतो. चूक तुमचीच असल्याचं स्पष्ट दिसत असेल तर मात्र हा मार्ग वाईट नाही.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर पोलीस ‘अ समरी’ करतात, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. अशा वेळी २०२२ च्या योजनेखाली मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. अर्ज न्यायाधिकरणाकडे नाही, प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. ही रक्कम फार कमी लोक मागतात, कारण पोलीस ठाण्यात कुणी सांगत नाही. पुढे गाडी सापडली तर पूर्ण दावा करता येतो, आधी मिळालेले पैसे त्यातून वळते होतात. आणि अपघातानंतरच्या पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंतचे रोकडरहित उपचार मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत मिळतात. भरती करतानाच विचारा, डिस्चार्जच्या वेळी नाही.

साक्षीपुराव्यात पुन्हा त्या टक्क्याकडे येऊ. अपंगत्वाचं प्रमाणपत्र नुसतं जोडून भागत नाही, ते देणारा किंवा उपचार करणारा डॉक्टर साक्षीला यावा लागतो. त्याच्या सरतपासात (आपल्याच वकिलानं विचारलेल्या प्रश्नांत) तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: टक्का पायाचा की सगळ्या शरीराचा, तो पुढे सुधारेल का, आणि या माणसाला त्याच्या धंद्यातली कोणती कामं आता जमणार नाहीत. तिसरा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि सतरा लाख तिथे गळतात. दावेदाराच्या प्रतिज्ञापत्रातही ‘मी काम करू शकत नाही’ असं ढोबळ वाक्य नको. त्यावर कंपनीचा वकील विचारतो, ‘आज कोर्टात चालत आलात ना?’ त्यापेक्षा ‘दहा फुटांच्या परांचीवर चढता येत नाही, चाळीस किलोचं पोतं उचलता येत नाही, म्हणून मुकादम आता फक्त पाणी मारायच्या कामाला बोलावतो आणि निम्मी मजुरी देतो’ असं लिहा. यात खोटं मिसळू नका. सोशल मीडियावरचा भाच्याच्या लग्नातला नाच वकिलाच्या मोबाइलमध्ये असतो.

विम्याचे, भविष्य निर्वाह निधीचे किंवा पेन्शनचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून वजा करायचे नसतात. हे हेलन रिबेलो प्रकरणात ठरलं, आणि त्यात समोर आपलं एसटी महामंडळच होतं. मेडिक्लेमची रक्कमही वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये दिला. कंपनीची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) जुन्या साच्यातली असेल तर हा मुद्दा त्यात सापडेलच.

दवाखान्याच्या दारात घुटमळणारे एजंट ‘सगळं आम्ही बघतो, वीस टक्के द्या’ म्हणतात. निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांना त्यांच्याच आचारनियमांनी मनाई आहे. असा करार लेखी कुणी देणार नाही, तेवढ्यावरून ओळखा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कामगार यांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं.

लोकअदालतीत तडजोड करायची की नाही, हा हिशोबाचा प्रश्न आहे. तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. कंपनी आपल्या आकड्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर येत असेल आणि चुकीबद्दल पुरावा डळमळीत असेल, तर घ्यावं. पंचनामा भक्कम असेल आणि डॉक्टरांची साक्ष व्हायची असेल, तर साक्ष होऊ द्यावी. त्यानंतर कंपनीचा आकडा बहुधा वर सरकतो. अपील उच्च न्यायालयात ९० दिवसांत करायचं असतं, आणि वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर करताच येत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची वारी टळली.

रक्कम जमा झाली की ती सगळी लगेच हातात येत नाही. बराचसा भाग मुदत ठेवीत जातो, अज्ञान मुलांचा हिस्सा तर १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. घर बांधणं, मुलीचं शिक्षण, पुढचं ऑपरेशन अशा कारणासाठी ठेव मुदतीआधी मोडायची असेल तर कागद जोडून न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. व्याज दावा दाखल केल्याच्या तारखेपासून धरलेलं आहे का, हे निवाड्याच्या शेवटच्या पानावर पाहा. आणि दावा अर्जात नाव लिहिताना आधार आणि पासबुक समोर ठेवा. अर्जात ‘सुनिता’ आणि पासबुकावर ‘सुनीता’ असेल, तर निकाल लागून पैसे जमा झाल्यावरही एका वेलांटीसाठी नव्यानं प्रतिज्ञापत्र करून पुढच्या तारखेची वाट पाहावी लागते.